कोळशाचा टियारा

दागिन्यांशी संबंध येणारी माणसं दोन प्रकारची. एक, दागिने घालणारी आणि दुसरी, दागिने सांभाळणारी. मी दुसऱ्या प्रकारातला. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि त्यानंतरची बरीचशी वर्षं लॉकर विभागात काढली. काम म्हणाल तर सोपं. गिऱ्हाईक आलं की रजिस्टरवर सही घ्यायची, त्याच्या चावीबरोबर आपली चावी फिरवायची आणि सभ्य माणसासारखं बाहेर येऊन उभं राहायचं. आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असल्याचा चेहराही करायचा नसतो. मिठाईच्या दुकानातल्या पोऱ्याला जिलबीचं जेवढं अप्रूप, तेवढंच आम्हाला सोन्याचं.

या विभागानं मला एक गोष्ट मात्र शिकवली. दागिना हा मुळात अंधारात राहणारा प्राणी आहे. वर्षाचे तीनशे साठ दिवस तो लोखंडी खणात झोपून असतो. लग्नसराईत दोन दिवस बाहेर येतो, चार जावांना जळवतो, फोटोत येतो आणि पुन्हा बिळात शिरतो. त्या दोन दिवसांचा हिशेब सगळे ठेवतात. अंधारातल्या दिवसांचा हिशेब ठेवतो फक्त लॉकरवाला.

हे तत्त्वज्ञान सुचायला निमित्त झालं एका पुस्तकाचं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या उमरावांच्या बायकांचे दागिने, असा त्याचा विषय. वाचनालयातून मी ते आणलं ते केवळ त्यात चित्रं जास्त आणि मजकूर कमी होता म्हणून. घरी आमच्या सौभाग्यवतींनी ते आधी ताब्यात घेतलं. मला वाटलं, आता पुढचा महिनाभर 'बघा, लोक बायकांना कसं नटवतात' हे भजन ऐकावं लागणार. पण नाही. दहा मिनिटं निरखून बघितल्यावर तिनं विचारलं,

"अहो, हे डोक्यावर राहतं कसं पण?"

प्रश्न रास्त होता. टियारा हा प्रकार तुमच्याआमच्या घरातला नव्हे. मुकुट म्हणावा तर तो मुकुट नाही. मुकुट राजाराणीचा, सगळीकडून बंद. टियारा म्हणजे कपाळाच्या वर अर्धगोलात उभं केलेलं हिऱ्यांचं कुंपण. इंग्रजांकडे ते साधारणपणे लग्न झालेल्या बाईनं घालायचं, आणि तेही संध्याकाळनंतर, मोठ्या मेजवानीला किंवा दरबारी समारंभाला. काही उमराव घराण्यांत त्याला लाडानं 'फेंडर' म्हणत. फेंडर म्हणजे शेकोटीतले निखारे गालिच्यावर पडू नयेत म्हणून पुढे बसवतात तो लोखंडी कठडा. डोक्यावर कठडा घालून वावरायचं, म्हणजे मान न हलवता हसायचं आणि न वाकता जेवायचं. केसांचा भक्कम अंबाडा घालून त्यात तो रुतवायचा, पिना मारायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. त्या काळी हिरे चांदीत बसवत, कारण पिवळ्या सोन्यात हिरा पिवळट दिसतो. पण चांदी काळी पडते आणि त्वचेला, केसांना, कपड्यांना डाग लावते, म्हणून तिच्या पाठीमागे सोन्याचा पत्रा. पुढून चांदी, मागून सोनं! आपल्याकडे सोन्याचा मुलामा पुढून देतात. श्रीमंतीची व्याख्या करायची तर मी हीच करीन.

शिवाय पुष्कळसे टियारे स्क्रू काढून सुटे करता येत. आज टियारा, उद्या त्याचेच चार ब्रूच, परवा गळ्यातला हार. आमच्या सौ.ला यातलं हे एवढंच पटलं. "बाई संसारी दिसते," ती म्हणाली.

ज्या चित्रावर तिचं बोट होतं ती बाई खरोखरच संसारी होती, आणि तिचा संसार आमच्या हेड ऑफिसला लाजवील असा होता. तिचं नाव फ्रान्सेस अ‍ॅन, मार्शनेस ऑफ लंडनडेरी. उमरावांच्या उतरंडीत सर्वांत वर ड्यूक, त्याच्या खालोखाल मार्किस आणि मार्किसची बायको ती मार्शनेस. जन्म १८०० सालचा. वडील लवकर वारले आणि डरहॅम परगण्यातल्या त्यांच्या जमिनी आणि कोळशाच्या खाणी या एकुलत्या एक मुलीकडे आल्या. अशा मुलीला स्थळांची काय वाण! तिनं पसंत केला चार्ल्स स्टुअर्ट हा सेनानी. वय चाळीसच्या पुढे, एक बायको वारलेली, पहिल्या घरचा मुलगा. नातेवाईक कोर्टात गेले. अखेर १८१९ मध्ये लग्न झालं, पण वधूपक्षाच्या अटींवर. मिळकत विश्वस्तांच्या ताब्यात राहिली, आणि बायकोच्या घराण्याचं व्हेन हे आडनाव नवऱ्यानं लावलं. होय, नवऱ्यानं! हे मी घरात मोठ्यानं वाचायला नको होतं असं नाही, पण त्यानंतर दोन दिवस सौ. माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत होती.

नवरा व्हिएन्नाला इंग्लंडचा राजदूत. तिथं युरोपभरच्या राजेरजवाड्यांची ये-जा. रशियाचा झार पहिला अलेक्झांडर या तरुण बाईवर भाळला आणि त्यानं तिला रत्नं भेट दिली. त्यात सैबेरियातले टपोरे जांभळे अ‍ॅमेथिस्ट होते.

"आणि नवरा काय करत होता?" सौ.नं विचारलं.

"वकिलातीचं काम."

"म्हणजे ऑफिसला गेला होता," ती म्हणाली आणि पान उलटलं.

आता या नवऱ्याच्या घराण्याची पुंजी कुठली, हे वाचताना मात्र मी खुर्चीत सरसावून बसलो. स्टुअर्ट हे उत्तर आयर्लंडमधले लोक, मूळचे काही उमराव वगैरे नव्हेत. १७३७ मध्ये त्यांच्यातल्या अलेक्झांडर स्टुअर्टनं मेरी कोवन नावाच्या मुलीशी लग्न केलं. ही मेरी म्हणजे रॉबर्ट कोवनची बहीण आणि वारस. आणि हा रॉबर्ट कोवन कोण? तर १७२९ ते १७३४ ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईचा गव्हर्नर! ज्या १७२९ साली कान्होजी आंग्रे निवर्तले त्याच सालापासून हे गृहस्थ मुंबईत गादीवर. कंपनीचा पगार बेताचा असे. खरी कमाई स्वतःच्या खाजगी व्यापाराची. थोडक्यात, पगार महिन्याच्या वाणसामानाला आणि 'वरकड' घरादाराला. अशी माणसं अठराव्या शतकातच होती असं नाही, पण आपण विषय सोडायला नको. तर मुंबईत साठलेला तो पैसा बहिणीबरोबर स्टुअर्टांच्या घरी गेला, १७४४ मध्ये त्यातून आयर्लंडमध्ये मोठी जमीन घेतली गेली आणि पुढं त्या जमिनीच्या जोरावर मुलगा लॉर्ड झाला, मग अर्ल, मग मार्किस. मुंबईकर म्हणून त्या टियारात माझा एखादा स्क्रू निघतो का, हे मी अजून कुणा वकिलाला विचारलेलं नाही.

विचारायचं ठरवलं तरी उत्तर सोपं नाही. दागिना कुणाचा, हा प्रश्न इंग्रजी कायद्यात भलताच बिकट होता. आपल्याकडे निदान पुस्तकात तरी सरळ आहे: स्त्रीधन बाईचं. तिकडे १८८२ चा कायदा येईपर्यंत, वेगळा विश्वस्तनिधी केलेला नसेल तर लग्नानंतर बायकोची चीजवस्तू नवऱ्याची होत असे. नवऱ्यानं तिच्या इतमामाला शोभतील म्हणून दिलेले दागिने, त्यांना म्हणत 'पॅराफर्नेलिया'. आज आपण हा शब्द लटांबर या अर्थानं वापरतो. पण मूळचा तो कायद्यातला. हे दागिने बायकोनं घालायचे. पण नवऱ्याला हयातीत ते विकता येत. त्याला काय करता येत नसे, तर मृत्युपत्रानं दुसऱ्या कुणाला देता येत नसत. नवरा मेला की ते तिचे, पण त्याचं कर्ज फेडायला बाकीची मिळकत पुरली तर! आणि तिसरा प्रकार पिढीजात दागिन्यांचा. ते नवऱ्याचेही नाहीत आणि बायकोचेही नाहीत. ते घराण्याचे. बाईनं जिवंत असेपर्यंत घालावेत आणि नंतर सुनेच्या डोक्यावर ठेवून बाजूला व्हावं.

अँथनी ट्रॉलप या कादंबरीकारानं याच भानगडीवर 'द युस्टेस डायमंड्स' ही जाडजूड कादंबरी लिहिली. १८७३ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. एका तरुण विधवेजवळ दहा हजार पौंडांचा हिऱ्यांचा हार आहे. ती म्हणते माझा, सासरचा वकील म्हणतो घराण्याचा. कादंबरीत मध्येच एका कायदेपंडिताचं लेखी मत येतं, आणि ट्रॉलपनं ते चार्ल्स मेरिवेदर या खऱ्या बॅरिस्टरकडून लिहून घेतलं होतं. ज्या कादंबरीत 'लीगल ओपिनियन' जोडलेलं आहे ती वाचताना बँकेच्या माणसाला जे वाटतं ते इतरांना नाही कळायचं. आमच्या कित्येक कर्जप्रकरणांना ते जोडलेलं नसतं.

या दृष्टीनं बघितलं तर मला या उमराव बायकांबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. डोक्यावर लाखाचा माल, पण मालक भलताच. विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही, हरवला तर जबाबदारी आपली. ही तर आमचीच नोकरी! फरक इतकाच की मी माल तिजोरीत सांभाळतो आणि त्या मानेवर सांभाळत. गॅरार्ड या लंडनच्या राजमान्य जवाहिऱ्यानं १८५४ मध्ये घराण्यातलीच रत्नं वापरून लंडनडेरी टियारा घडवला, तेव्हा फ्रान्सेस अ‍ॅन चोपन्न वर्षांची होती. त्याच साली मार्च महिन्यात तिचा नवरा वारला. पुढं सगळी पिढीजात रत्नं एकामागून एक सुनांकडे चालत गेली.

यातली तिची नातसून थेरेसा फार तोऱ्याची बाई. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, तेव्हा ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या लंडनमधल्या वाड्यात जुलैच्या २ तारखेला एक प्रचंड वेषांतराचा सोहळा झाला. थेरेसा तिथं ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा बनून गेली. नावही बदलायला लागलं नाही. तिच्याबद्दलचा जो किस्सा सांगतात तो मात्र १९०२ मधला. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी खचाखच भरलेली. अशा वेळी तासन्‌तास बसून राहायचं, म्हणून उमरावांच्या बायकांसाठी आत शौचालयाची सोय केली होती. थेरेसाबाई आत गेल्या त्या बाहेरच येईनात. बाहेर रांग वाढत चाललेली. सगळ्या डचेस, मार्शनेस, काउंटेस, मखमल नेसलेल्या, अवघडलेल्या. शेवटी उलगडा झाला. बाईंचा टियारा भांड्यात पडला होता! तो काढायला म्हणे डॉक्टरांचा चिमटा मागवावा लागला. कुणा बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरनं तो आणला असेल तर साम्राज्याच्या इतिहासात इतकी अवघड सुटका दुसरी झाली नसेल.

हे वाचून आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणून मी विचारत होते," ती म्हणाली, "हे डोक्यावर राहतं कसं!"

हसून झाल्यावर मात्र माझा जुना खोडा आडवा आला. कॉमर्सच्या माणसाला जमाखर्चाची एकच बाजू दिसली की झोप येत नाही. टियारा ही झाली मालमत्ता. मग देणं कुणाच्या नावावर?

तर ते कोळशाच्या नावावर. फ्रान्सेस अ‍ॅनच्या घराण्याचा पैसा म्हणजे डरहॅमच्या खाणींचा पैसा. तो कोळसा स्वस्तात जहाजावर चढावा म्हणून नवऱ्यानं १८२८ मध्ये सीहॅमला समुद्राकाठच्या खडकात बंदर खोदायला घेतलं. खाणीत लहान मुलंही राबत. त्यांतली सर्वांत धाकटी म्हणजे दार सांभाळणारी. हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यात लाकडी दारं असत. कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं आणि गेली की बंद होऊ द्यायचं. बारा बारा तास, बहुतेक वेळ मिट्ट काळोखात. पाच-सहा वर्षांची पोरंही या कामावर असल्याचं सरकारी चौकशीत बाहेर आलं. १८४२ मध्ये बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांना खाणीत उतरवायला बंदी घालणारा कायदा आला, तेव्हा उमरावांच्या सभेत त्याला कसून विरोध करणारा माणूस म्हणजे आपले हे मार्किस ऑफ लंडनडेरी. दागिना अंधारात राहतो असं मी वर म्हणालो ते अर्धंच खरं होतं म्हणायचं. त्याच्या दारावर बसलेलं पोरही अंधारातच होतं, आणि त्याला दिवाळीला बाहेर काढायची पद्धत नव्हती.

नवऱ्यामागं बाईनं कारभार स्वतः हातात घेतला. १८६१ मध्ये डिझरायली, जो पुढं पंतप्रधान झाला, तिच्याकडे पाहुणा म्हणून गेला. त्यानं एका मैत्रिणीला पत्रातून तिथलं वर्णन कळवलं आहे. सीहॅम गावात बाईंचं दगडी बांधकामाचं स्वतंत्र ऑफिस, त्यावर त्यांचं नाव आणि घराण्याचं चिन्ह, वर निशाण फडकतंय आणि बाई आत असंख्य कारभाऱ्यांना घेऊन व्यवहार बघताहेत. हाताखाली चार हजार खाणकामगार. एके काळी ही केवळ लंडनची नटवी बाई होती, याचं त्याला नवल वाटलं होतं. मला नाही वाटलं. आयुष्यभर दुसऱ्याचा माल डोक्यावर वागवलेल्या बाईला एकदा तरी स्वतःच्या टेबलाशी बसावंसं वाटणारच. चार वर्षांनी, १८६५ मध्ये, ती गेली. तिच्या त्या ऑफिसमध्ये मी नोकरी केली असती. तक्रार करत केली असती, पण केली असती.

आणि तरीही खातं मिटत नाही. ८ सप्टेंबर १८८० च्या पहाटे, काळोखातच, सीहॅमच्या खाणीत स्फोट झाला. एकशे साठांहून जास्त माणसं आणि पोरं गेली. काही जण लगेच मेले नाहीत. आत कोंडले गेले. त्यांच्यात मायकेल स्मिथ नावाचा एक कामगार होता. घरी त्याचं तान्हं मूल आजारी होतं. त्यानं आपली पाण्याची पत्र्याची बाटली घेतली आणि तिच्यावर बायकोसाठी निरोप खरवडला. आम्ही इतके जण एकत्र आहोत, काही जण प्रार्थना म्हणताहेत, माझं चित्त आपल्या बाळाकडे लागलं आहे, अशा अर्थाचा. बाटली नंतर सापडली. मायकेल नाही वाचला.

पुस्तकातल्या चित्रांत ही बाटली नव्हती, आणि नसणारच. ते दागिन्यांचं पुस्तक होतं. ती हकीकत मला दुसरीकडे मिळाली. सौ.ला सांगितली तेव्हा ती काही बोलली नाही. नुसती आत जाऊन गॅसवरचं दूध बघून आली.

शास्त्रज्ञ म्हणतात, कोळशाचा हिरा होतो ही समजूत खोटी. हिरा पृथ्वीच्या पोटात फार खोल तयार होतो, कोळशाशी त्याचा संबंध नाही. फक्त दोघांचा मालमसाला एकच, कार्बन. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १७९७ मध्ये चक्क हिरा जाळून दाखवलं, की त्यातून जो वायू निघतो तो तेवढ्याच वजनाच्या कोळशातून निघतो तितकाच. (हिरा जाळायचा म्हणजे टेनंट अविवाहित होता हे सांगायला नको. खरोखरच होता.) तेव्हा शास्त्रज्ञांचं बरोबर असेल. पण हिशेबाच्या वह्यांचं म्हणणं वेगळं आहे. सीहॅमच्या धक्क्यावर कोळसा चढायचा, लंडनमध्ये त्याचे पौंड व्हायचे आणि गॅरार्डच्या दुकानात त्या पौंडांचं ऐश्वर्य व्हायचं. निसर्गाला जे अब्जावधी वर्षांत जमलं नाही ते एका घराण्याला तीन एंट्र्यांत जमलं.

पुढं खाणी १९४७ मध्ये सरकारजमा झाल्या आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत सीहॅमच्या शेवटच्या खाणीलाही कुलूप लागलं. लंडनडेरी दागिने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात लोकांना पाहायला मांडले गेले. काचेच्या पेटीत, विजेच्या झगमगाटात. अंधारातला मुक्काम संपला म्हणायचा. पण डोकंही गेलं. आता ते कुंपण कशाभोवती उभं आहे हे काही कळत नाही.

मधली दोन वर्षं मी बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर होतो. तिथं बायका येत. मुलाची फी, नवऱ्याचं ऑपरेशन, धाकट्या दिराची नोकरी सुटलेली. हातातल्या पाटल्या साबण लावून काढत आणि टेबलावर ठेवत. सराफ त्या कसाला लावी, मी वजन लिही. त्या वेळी बाई आमच्याकडे बघत नसे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे. आणि मग वर्षा-दोन वर्षांनी तीच बाई पैसे भरून पाटल्या सोडवायला येई. पिशवीत घालून न्याव्यात, तर नाही. तिथंच, काउंटरवरच, मूठ आवळून ती त्या हातात चढवी, एकदा हात हलवून आवाज ऐके आणि मग म्हणे, "कुठं सही करायची?"

पाटल्यांच्या मागे-पुढे एकच सोनं असतं, त्या स्क्रू काढून सुट्या होत नाहीत आणि त्यांना कुणी झारानं दिलेलं नसतं. पण त्या कुणाच्या, असं विचारायला बॅरिस्टर लागत नाही. सही बघितली की कळतं.